हेलिकॉप्टर शिकायला जाण्याआधी: शाळा, शरीर आणि पैशांचा हिशेब

सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री, होनिहाळ या गावांतल्या लोकांना डोक्यावरून घिरट्या घालणाऱ्या छोट्या शिकाऊ विमानांची आता सवय झाली आहे. ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली बांधलेल्या सांबऱ्याच्या विमानतळाला २०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षणासाठी निवडण्यात आले. विमानतळ प्राधिकरणाने त्या वर्षी देशातल्या पाच विमानतळांवर नऊ संस्थांना जागा दिल्या आणि त्यांपैकी दोन बेळगावच्या वाट्याला आल्या. तेव्हापासून आपल्या भागातल्या घरांत ‘पायलट’ हा शब्द पूर्वीइतका परका राहिलेला नाही. मात्र पी.यु.ची, म्हणजे बारावीची, परीक्षा झाली की एक प्रश्न हमखास कानावर येतो: “हेलिकॉप्टरचे पण इथेच शिकवतात काय?” त्याचे उत्तर नाही असे आहे. सांबऱ्यावरून उडणारी ती विमाने स्थिर पंखांची आहेत. हेलिकॉप्टरचा परवाना वेगळा, शाळा वेगळी, खर्चाचा हिशेब वेगळा आणि पुढची नोकरीही वेगळीच. आधी विमान शिकायचे आणि मग हेलिकॉप्टरकडे वळायचे असा काही नियम नाही. पहिल्या दिवसापासून थेट हेलिकॉप्टर शिकता येते.

खानापूरच्या माझ्या भाच्यासाठी ही चौकशी मला करावी लागली. तिच्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती अशी की बहुतेक कुटुंबे ही कामे उलट्या क्रमाने करतात. आधी शाळेचे माहितीपत्रक येते, मग पैशांची जमवाजमव होते, प्रवेश होतो आणि शरीराची तपासणी व कागदपत्रे सर्वांत शेवटी आठवतात. हा क्रम बदलला, तरी निम्मे धोके आपोआप टळतात.

प्रथम परवान्यांची उतरंड समजून घ्यावी. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात ते कार्यालय, परवाने देते. विद्यार्थी परवाना वयाच्या १६ व्या वर्षापासून, खासगी वैमानिकाचा १७ व्या आणि व्यावसायिक वैमानिकाचा १८ व्या वर्षापासून मिळू शकतो. पगार घेऊन उडण्यासाठी व्यावसायिक परवाना लागतो. विमानाच्या व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते, तर हेलिकॉप्टरसाठी १५० तास. शिक्षणाची अट आजवर भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी उत्तीर्ण अशी आहे. आपल्याकडे याचा अर्थ पी.यु.च्या दुसऱ्या वर्षाला हे दोन विषय असणे. वाणिज्य किंवा कला शाखा घेतलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही, कारण राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय स्वतंत्रपणे देता येतात. हवाई नियम, दिशानिर्देशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा डीजीसीए घेते व उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी असते. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यावर तो अधिकारही डीजीसीएकडे आला.

आता शरीराची तपासणी. व्यावसायिक परवान्यासाठी ‘क्लास वन’ दर्जाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि त्याआधी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून ‘क्लास टू’ करून घ्यावे लागते. क्लास वनची तपासणी जिथे होते, त्या हवाई दलाच्या केंद्रांपैकी आपल्याला सर्वांत सोयीचे केंद्र म्हणजे बेंगळूरुची एरोस्पेस मेडिसिन संस्था. तिथे डोळे, कान, नाक, घसा, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे असे सगळे तपासले जाते. नुसता चष्मा असणे हा अडथळा ठरत नाही, रंगांधत्व मात्र ठरते. ठिपक्यांच्या वर्तुळात दडलेला आकडा ओळखण्याची चाचणी पुष्कळांच्या परिचयाची असेल. पुरुषांमध्ये हा दोष स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि ज्याला तो असतो त्याला अनेकदा तिशी गाठेपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. माझ्या भाच्याला पहिल्या फेरीत तात्पुरते अपात्र ठरवण्यात आले होते. नाकातला पडदा वाकडा होता, त्यामुळे उंचीवर कानातला दाब समतोल होण्यात अडचण येऊ शकत होती. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा तपासणी झाली आणि प्रमाणपत्र मिळाले. या सगळ्यात काही महिने गेले, पण तोपर्यंत एकाही शाळेला एक रुपयाही दिलेला नव्हता, म्हणून घरात कोणाची झोप उडाली नाही. उसाचे शेत गहाण टाकण्याचा विचार क्लास वनचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कोणीही करू नये, हे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण सीमाभागातल्या मुलांना ती हमखास नडते. कर्नाटकच्या गुणपत्रिकेवर पुष्कळदा पूर्ण नाव नसून आद्याक्षरे असतात. आधार कार्डावर आडनावासह पूर्ण नाव, पासपोर्टवर तिसरीच मांडणी आणि एखाद्याने प्राथमिक शाळा मराठी माध्यमात केली असेल तर त्या दाखल्यावर चौथे स्पेलिंग. त्यात जन्मस्थळाचा घोळ असतो: १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर एक नाव आणि नव्यांवर दुसरे. डीजीसीएच्या परीक्षांसाठी जो संगणक क्रमांक काढावा लागतो, त्याच्या वेळी गुणपत्रिकांची पडताळणी होते. नावात फरक असेल तर अर्ज परत येतो, मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, पुन्हा अर्ज. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकी सगळे कागद तिच्याशी जुळवून घेणे हे काम प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी उरकलेले बरे.

शाळा कशी निवडावी हे ठरवण्याआधी ते यंत्र विद्यार्थ्याकडून काय मागते हे थोडे समजले पाहिजे, नाहीतर चांगली शाळा आणि चकचकीत शाळा यांतला फरक कळणार नाही.

हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. डाव्या हातातला दांडा वर-खाली होतो, त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. तो वर उचलला की डोक्यावरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उचलले जाते. उजव्या हातातल्या दांड्याला सायक्लिक म्हणतात. तो ज्या दिशेला कलवावा त्या दिशेला यंत्र सरकते. पायांखालच्या पेडलांनी शेपटीवरचा छोटा पंखा आवरायचा असतो, कारण वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरला की खालचे धड उलट्या दिशेने फिरू पाहते. यांपैकी एक गोष्ट हलवली की बाकीच्या दोन्ही बिघडतात. जमिनीपासून चार-पाच फुटांवर यंत्र एका जागी स्थिर धरणे, ज्याला होव्हर म्हणतात, ते शिकायला सामान्य विद्यार्थ्याला पाच ते दहा तास लागतात. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर तिन्ही गोष्टी एकदम हातात देत नाही. तो आधी फक्त पेडल देतो, मग फक्त कलेक्टिव्ह आणि शेवटी सायक्लिक. सायक्लिक हातात आल्यावर प्रत्येक नवशिका तेच करतो: यंत्र डावीकडे सरकले म्हणून दांडा उजवीकडे ढकलतो, ते उजवीकडे जास्तच जाते म्हणून परत डावीकडे, आणि दहा सेकंदांत यंत्र पाळण्यासारखे झुलू लागते. इन्स्ट्रक्टर हसत हसत आपला हात दांड्यावर ठेवतो, झोका थांबतो आणि तो सांगतो की खाली जमिनीकडे पाहू नकोस, समोर लांबच्या झाडाकडे पाहा आणि दांडा हलवू नकोस, फक्त हलवण्याचा विचार कर. हालचाल मिलिमीटरांत मोजावी इतकीच लागते. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ ज्याने खेळला आहे, त्याला हे लवकर उमगते.

जगभरच्या शाळांत शिकवण्यासाठी सर्वाधिक दिसणारे यंत्र म्हणजे रॉबिन्सन आर-२२. फ्रँक रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि १९७९ मध्ये या दोन आसनी हेलिकॉप्टरला मान्यता मिळाली. ते स्वस्तात उडते म्हणून शाळांना आवडते, पण हलके असल्यामुळे चुकीला फारशी सवड देत नाही. त्याचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ६२२ किलो आहे आणि रिकाम्या यंत्राचेच वजन ४०० किलोंच्या आसपास भरते. ८५ किलोंचा इन्स्ट्रक्टर आणि ८५ किलोंचा विद्यार्थी आत बसले की इंधनासाठी जेमतेम ५० किलो उरतात, म्हणजे मुख्य टाकी भरण्यापुरते. एका आसनावर, आसनाखालच्या सामानासह, १०९ किलोंहून अधिक भार चालत नाही. म्हणूनच वजन हा या शिक्षणात दिसण्याचा प्रश्न राहत नाही. ९५ किलोंच्या विद्यार्थ्याला अनेक शाळा चार आसनी आर-४४ वर शिकायला सांगतात आणि तिथे तासाचा दर बराच वाढतो.

आता इंजिन बंद पडले तर काय होते ते पाहू, कारण पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. हेलिकॉप्टर दगडासारखे खाली पडते ही समजूत चुकीची आहे. जत्रेत घेतलेले भिरभिरे हातात धरून मूल पळते तेव्हा ते भिरभिरे कोणी फिरवत नाही. समोरून येणारा वारा ते फिरवतो. इंजिन थांबल्यावर वैमानिकाने कलेक्टिव्ह तत्काळ खाली केला, तर पात्यांचा कोन कमी होतो, यंत्र खाली येऊ लागते आणि खालून वर येणारी हवा वरच्या पंख्याला भिरभिऱ्यासारखी फिरवत ठेवते. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की पुढचा वेग मारायचा आणि पंख्यात साठलेली गती शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह उचलून खर्च करायची, की यंत्र अलगद टेकते. हे सगळे ऐकायला सोपे आहे; कठीण आहे तो ‘तत्काळ’ हा शब्द. आर-२२ चा पंखा मिनिटाला सुमारे ५३० फेरे घेतो, पण तो हलका असल्यामुळे इंजिनाचा जोर गेला की त्याचे फेरे फार वेगाने घटतात. कलेक्टिव्ह खाली करायला हातात एखादा-दीड सेकंद असतो. फेरे एका मर्यादेखाली गेले तर पाती हवेला धरू शकत नाहीत आणि मग काहीही केले तरी ती पुन्हा सावरत नाहीत. या यंत्राच्या अशा स्वभावामुळेच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये आर-२२ आणि आर-४४ उडवणाऱ्यांसाठी वेगळ्या प्रशिक्षणाची सक्ती करणारा खास नियम काढला.

निपाणीच्या किंवा चिकोडीच्या मैदानावर निवडणुकीच्या दिवसांत उतरलेले हेलिकॉप्टर परत उडताना पुष्कळांनी पाहिले असेल. ते सरळ वर जात नाही, थोडे उचलले जाते, नाक खाली करते आणि मैदानाच्या कडेकडे पळत पळत वर चढते. लोकांना वाटते की वैमानिक ऐट दाखवतो आहे. खरे कारण असे की कमी उंची आणि कमी वेग या दोन्ही गोष्टी एकत्र असताना इंजिन गेले, तर ऑटोरोटेशन साधायला ना उंची असते ना वेग. त्या धोक्याच्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडण्यासाठी तो आधी वेग कमावतो. या धोक्याच्या पट्ट्याची आकृती प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत छापलेली असते. शाळेला भेट द्यायला गेलात तर एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला ती कागदावर काढून दाखवायला सांगावे. त्याला ती न अडखळता काढता आली, तर त्या शाळेत जमिनीवरचे वर्ग खरोखर होतात असे समजावे.

उंची आणि उष्णता यांमुळे हवा विरळ होते, हा आणखी एक विषय आपल्या भागाच्या उदाहरणाने चांगला समजतो. बेळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण १० अंश धरले जाते. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ अंशांवर असेल तर फरक २६ अंशांचा झाला. प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट धरले तर ३,१२० फूट होतात, आणि मूळची उंची मिळवली की बेरीज ५,६०० फुटांच्या घरात जाते. म्हणजे पाय सांबऱ्याच्या जमिनीवर असले, तरी पंख्याला आणि इंजिनाला आपण ५,६०० फुटांवरच्या विरळ हवेत आहोत असेच वाटते. सकाळी सात वाजता आरामात होव्हर करणारे यंत्र दुपारी दोन वाजता तेच वजन घेऊन जमिनीवरून उठायला कुरकुरते. समुद्राकाठच्या थंड हवेत १५० तास पूर्ण केलेल्या मुलाला हे केवळ पुस्तकातून ठाऊक असते. पुढे त्याला केदारनाथला पाठवले, जिथे देऊळच ११,७०० फुटांहून उंचावर आहे, तर हाच धडा त्याला फार महागात शिकावा लागू शकतो. तेव्हा शाळा निवडताना तिथली उंची आणि उन्हाळा हे गैरसोयीचे कारण मानू नयेत; उष्ण आणि उंच जागी शिकलेला हात पुढे अधिक कामाचा ठरतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. भारतात नागरी विद्यार्थ्याला हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत. आपल्याला जवळचे ठिकाण बेंगळूरु, जिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सची रोटरी विंग अकादमी आहे. आज कोणती संस्था मान्यताप्राप्त आहे हे डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहावे, दलालाच्या फलकावर नव्हे. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने उड्डाण प्रशिक्षण संस्थांना वर्षातून दोनदा श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही पाहावी. श्रेणी कमी असेल तर कारण विचारावे. उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर तेवढ्यावरून पुष्कळ काही कळते.

मान्यता असणे ही सुरुवात झाली. खरा प्रश्न असा की महिन्याला तुमच्या वाट्याला किती तास येतील. समजा एका शाळेकडे दोन हेलिकॉप्टरे आहेत, प्रत्येक दिवसाला चार तास उडते आणि महिन्यातले वीस दिवस हवामान साथ देते. महिन्याचे १६० तास झाले. विद्यार्थी वीस असतील तर प्रत्येकाला आठ तास मिळतील आणि १५० तास व्हायला जवळपास एकोणीस महिने लागतील. माहितीपत्रकात मात्र ‘नऊ महिन्यांत परवाना’ असे लिहिलेले असते. हा भागाकार घरी बसून कोणालाही करता येतो, त्यासाठी लागणारे आकडे शाळेतल्या मुलांकडून चहाच्या टपरीवर मिळतात. एका सल्लागार कंपनीच्या माणसाला मी हाच भागाकार कागदावर मांडून दाखवला, तेव्हा त्याने शांतपणे माझा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला बँकेच्या कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक लिहायला घेतले. त्याला सगळी रक्कम प्रवेशाच्या दिवशी हवी होती.

शाळेकडे कागदावर किती यंत्रे आहेत यापेक्षा आज सकाळी उडण्याच्या स्थितीत किती आहेत हे विचारावे. शंभर तासांनी तपासणी येते, तेव्हा यंत्र काही दिवस हँगरमध्ये उभे असते. आर-२२ चे तर २,२०० तास किंवा १२ वर्षे, यांतले जे आधी येईल तेव्हा, पूर्ण खोलून नूतनीकरण करावे लागते. ज्या शाळेचे एकुलते एक यंत्र २,१०० तासांवर आले आहे, तिथे प्रवेश घेणे म्हणजे पाऊस पडायच्या तोंडावर छप्पर उतरवलेल्या घरात राहायला जाणे. इन्स्ट्रक्टर किती आहेत, ते तिथे किती दिवस टिकतात हेही तितकेच महत्त्वाचे आहे. परदेशात बरेच इन्स्ट्रक्टर स्वतःचे तास वाढवण्यासाठी शिकवतात आणि तास भरले की मोठी नोकरी धरतात. एका विद्यार्थ्याचे तीन-तीन इन्स्ट्रक्टर बदलले, की प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून तपासून पाहतो आणि त्याचे पैसे विद्यार्थ्याच्या खिशातून जातात. अपघातांच्या चौकशीचे अहवाल भारतात आणि अमेरिकेतही सार्वजनिक असतात. शाळेचे नाव घेऊन ते शोधावेत. एखादा अपघात झालेला असणे यावरून शाळा वाईट ठरवू नये, पण त्याविषयी शाळेतले लोक मोकळेपणाने बोलतात की विषय बदलतात हे पाहावे.

हवामानाचा विचार आपल्याला कोणी शिकवायला नको. जून ते सप्टेंबर खानापूरच्या डोंगरावर ढग कसे टेकतात हे आपण जन्मापासून पाहतो. शिकाऊ हेलिकॉप्टर डोळ्यांनी पाहून उडवायचे असते, ढगात शिरणे वर्ज्य असते. तेव्हा ज्या गावी शाळा आहे तिथे वर्षातले किती दिवस वाया जातात, हे विचारून तो आकडा वरच्या भागाकारात घालावा.

पैशांबाबत माझा सल्ला एका ओळीचा आहे: जितके उडाल तितकेच द्या. हा सल्ला देण्यामागे इतिहास आहे. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची मोठी शाळा होती. सुमारे ७०,००० डॉलर एवढी फी विद्यार्थी कर्ज काढून आगाऊ भरत. फेब्रुवारी २००८ मध्ये तिने एकाएकी दारे बंद केली आणि दिवाळे काढले. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी अर्धवट प्रशिक्षण आणि पूर्ण कर्ज घेऊन उघड्यावर पडले. जी शाळा दहा-पंधरा तासांच्या हप्त्याने पैसे घ्यायला तयार असते आणि न वापरलेली रक्कम परत करण्याची अट लेखी देते, तिचा तासाचा दर थोडा जास्त असला तरी ती स्वस्त समजावी. हिशेबाची रीत दाखवण्यासाठी तासाला ३५,००० रुपये दर धरू: १५० तासांचे साडेबावन्न लाख होतात. पण थोड्याच विद्यार्थ्यांचे काम नेमक्या १५० तासांत भागते. वीस तास जास्त लागले तर आणखी सात लाख. त्यावर परीक्षा, वैद्यकीय तपासणी, राहणे-जेवणे, हेडसेट, विमा. कर्ज मंजूर करून घेताना वीस टक्के वरचे धरले नाहीत, तर एकशे चाळिसाव्या तासाला उड्डाण थांबते, आणि थांबलेला हात महिनाभरात गंजतो.

परदेशी जाण्याचा विचार असेल तर एक सापळा लक्षात ठेवावा. अमेरिकेचा हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवानाही १५० तासांवर मिळतो, पण त्यांच्या नियमात प्रत्यक्ष हेलिकॉप्टरवरचे किमान ५० तास धरलेले आहेत. बाकीचे विमानावरचे चालू शकतात. असा मिश्र परवाना घेऊन परत आलेल्याचे भारतीय परवान्यात रूपांतर होईलच असे गृहीत धरू नये. तिथल्या परीक्षेला बसण्याआधीच डीजीसीएच्या अटी समोर ठेवून एकट्याने केलेले, लांब पल्ल्याचे, रात्रीचे आणि बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर उडण्याचे तास वेगवेगळे भरून घ्यावेत. इथल्या लेखी परीक्षा जाण्याआधी दिलेल्या असल्या तर परत आल्यावरचे एक वर्ष वाचते. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत प्रशिक्षणाआधी तिथल्या सुरक्षा यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते, तिलाही वेळ लागतो.

नोकरीविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. आपल्या देशात हेलिकॉप्टरची कामे आहेत: मुंबईच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर जुहूहून माणसे नेणे, केदारनाथ आणि वैष्णोदेवीची यात्रा, राज्य सरकारे, उद्योगपती, आणि आता हळूहळू रुग्णवाहतूक. पण या नोकऱ्यांवर लष्करातून निवृत्त झालेल्या, हजारो तास गाठीशी असलेल्या वैमानिकांचा मोठा दावा असतो. १५० तासांचा नवा मुलगा सुरुवातीला फार तर दोन इंजिनांच्या मोठ्या हेलिकॉप्टरवर सहवैमानिक म्हणून जातो आणि त्यासाठी त्या प्रकारच्या यंत्राचे वेगळे प्रशिक्षण लागते, ज्याचा खर्च कधी कंपनी करते, कधी करत नाही. परवाना आणि पहिली नोकरी यांच्यामध्ये वर्ष-दोन वर्षांचा काळ जाऊ शकतो, तो कसा काढणार हे घरात आधी बोलून घ्यावे. कामाचा धोकाही लपवू नये. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. डोंगरात ढग उतरू लागले की मागे फिरण्याचे धैर्य असलेला वैमानिक म्हातारा होतो, असे या क्षेत्रातले लोक म्हणतात. २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेच्या काठी अडकलेल्या माणसांसाठी जी हेलिकॉप्टरे धावून आली, ती उडवणाऱ्यांनीही कधीतरी हाच धडा गिरवलेला असणार.

प्रवेश ठरल्यानंतर जाईपर्यंतचे महिने रिकामे घालवू नयेत. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, त्यांना तांत्रिक विषयांची भीती फारशी नसते, रेडिओवरचे इंग्रजी मात्र सुरुवातीला पळते. रेडिओवरची वाक्ये ठरलेली असतात, ती रोज अर्धा तास मोठ्याने म्हटली तर दोन महिन्यांत जीभ वळते. वजन आटोक्यात ठेवावे, झोपेची शिस्त लावावी. पैसे भरण्याआधी एखादे परिचयाचे उड्डाण घ्यावे, म्हणजे पोटाला आणि मनाला ते मानवते का हे कळते. लॉगबुक पहिल्या दिवसापासून शाईने लिहावे, प्रत्येक पानाची बेरीज त्याच संध्याकाळी करावी आणि इन्स्ट्रक्टरची सही राहू देऊ नये, कारण दोन वर्षांनी परदेशातल्या बंद पडलेल्या शाळेकडून सही मिळवणे जवळपास अशक्य असते.

माझा भाचा सध्या हवामानशास्त्राची तयारी करतो आहे. रोज सकाळी तो गच्चीवर जातो, पश्चिमेच्या डोंगरावर ढग किती खाली आहेत याचा अंदाज फुटांत वहीत लिहितो आणि मग सांबरा विमानतळाचा हवामान-संदेश उघडून ताडून पाहतो. पहिल्या आठवड्यात त्याचे अंदाज हजार-हजार फुटांनी चुकत होते. परवा त्याने बाराशे लिहिले होते आणि संदेशात हजार आले. मी शाबास म्हणालो, तर तो म्हणाला, “मामा, विमानतळ इथून कितीतरी लांब आहे, तिथला ढग आणि आपला ढग एकच कशावरून?” आणि वहीत त्या दिवसापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवले.